बोरू, काजळ आणि 599

आमच्या शाळेत सातवीला शिवकाल सुरू झाला की पहिले काही तास पुस्तक दप्तरातच राहायचं. बाई आधी बोरू तासायला बसवायच्या. वीतभर बोरू, पेर टाळून तिरका काप, मग टोकाच्या मधोमध अर्ध्या सेंटिमीटरची चीर. चिरेच्या वर अंगठा दाबून धरला नाही तर ती सरळ वर धावते आणि बोरू वाया जातो. चीर दिलीच नाही तर शाई नीट उतरत नाही, कागदावर टपकन डाग पडतो. शेवटी टोक पुन्हा तिरकं छाटायचं. अक्षराचं जाड-बारीक त्या तिरकेपणातून येतं.

शाई काजळाची. तेलाच्या दिव्यावर थाळी पालथी धरून जमवलेलं काजळ चमचाभर, रात्री भिजवलेल्या बाभळीच्या डिंकाचं पाणी दोन चमचे, तेही थेंबाथेंबाने. घाईने साधं पाणी ओतलं तर तेलकट काजळ वर तरंगतं, मग कितीही ढवळा. खलात अर्धा तास घोटायचं, त्याला सुटका नाही. डिंक कमी पडला तर वाळलेलं अक्षर बोटाला लागतं, जास्त झाला तर कागद एकमेकांना चिकटतात. कागद फुटका असेल तर आधी पातळ खळ लावून, वाळवून, गुळगुळीत शंखाने घोटून घ्यायचा.

मग मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि अक्षरं तिला टांगत जायची. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी एक, उकारही एकच. त्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’ हे मागचंपुढचं वाचूनच ठरतं. खरी मजा कागद अदलाबदल केल्यावर. बोरू बुडवल्यावरचं अक्षर गडद, पुढची फिकट होत जाणारी. लिहिणारा कुठे थांबला ते डोळ्यांना दिसतं. अस्सल मोडी कागदातही हाच चढउतार असतो. शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करावाच!

सगळ्यात कस लागायचा तो तारखेला. शिवकालीन पत्रावर सुहूर सन, म्हणजे त्या काळची एक कालगणना, अरबी शब्दांत असतो: ‘सितैन’ म्हणजे 60, ‘अलफ’ म्हणजे 1000. ‘सितैन व अलफ’ झाले 1060. हा सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. अफजलखानाचा वध नोव्हेंबरातला, तेव्हा 1060 अधिक 599, म्हणजे 1659. अर्ध्या वर्गाचं उत्तर हमखास 1660 यायचं. बाई खोडत नसत. फळ्यावर फक्त ‘महिना कोणता?’ एवढंच लिहायच्या, आणि पाट्या पुन्हा पुसल्या जायच्या.