बांबू गवत आहे की लाकूड, यात माझे एकोणीस दिवस गेले

बांबू कापायला एक शनिवार लागला. मी न दोन मित्र, एक रेसिप्रोकेटिंग सॉ म्हणजे विजेवरची करवत, मधे वडापाव, संध्याकाळपर्यंत सपाट. त्यावर काही लिहिण्यासारखं नाही. लिहितोय ते त्यानंतरच्या ढिगाबद्दल, कारण अजून डोकं तापतं.

तर झालं असं. न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा मागच्या कुंपणाला आधीच्या मालकानं लावलेला बांबू होता. मी मूळचा चंद्रपूरकडचा, मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. पण आपल्याकडचा बांबू एका जागी बेट करून राहतो, हा फायलोस्टॅकिस नावाच्या पसरणाऱ्या कुळातला, हिरव्या कांडीवर पिवळी खाच असलेला, हा जमिनीखालून मुळ्या सोडत पळत सुटतो. एप्रिलच्या शेवटी शेजारच्या आजोबांच्या लॉनमधे कोंब निघाले, एक तर थेट एसीच्या युनिटला चिकटून. आजोबा मला एक शब्द बोलले नाहीत, सरळ टाउनशिपला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन. आठवड्याभरात दारावर नोटीस, तीस दिवसांत बांबू हटवा नाहीतर दंड.

हटवला की! आता हा ड्राइव्हवेवरचा ढीग न्यायचा कोणी? टाउनशिपच्या पब्लिक वर्क्स खात्याला फोन केला, बागेचा कचरा तेच उचलतात. बाईंनी विचारलं, फांद्या आहेत का गवत? आणि इथं मी माती खाल्ली. मला सांगायची काय गरज होती, पण सांगितलं, की मॅडम, तसं बघितलं तर बांबू हे गवतच असतं. झालं. त्या म्हणाल्या, गवत आम्ही उचलत नाही, कापून लॉनवरच सोडायचं, तशी इथली पॉलिसी आहे. अहो पण हे वीस फुटी आहे! तर म्हणे, सर, गवत तुम्हीच म्हणालात.

मग नोटीसवाल्या ऑफिसला फोन. त्यांचं म्हणणं, आम्हाला ते प्रॉपर्टीच्या बाहेर गेलेलं पाहिजे, कसं ते पब्लिक वर्क्सला विचारा. पब्लिक वर्क्स म्हणे ईमेल करा. ईमेलला उत्तर पाच दिवसांनी, त्यात लॉनचं गवत कसं कापावं याचं माहितीपत्रक. शेवटी गाडीच्या खिडकीतून बांबू बाहेर काढून, मागं लाल फडकं बांधून, मी स्वतः ड्रॉप-ऑफ यार्डात, म्हणजे बागेचा कचरा नेऊन टाकायच्या जागी, गेलो, तर तिथल्यानं मुळ्यांना माती दिसली म्हणून सगळाच माल परत पाठवला. घरी येईपर्यंत बायकोनं ढिगावर ताडपत्री टाकली होती, आजोबा खिडकीतून बघत होते.

आणि मला सारखं गडचिरोली आठवत होतं. तिथं नेमकं उलटं होतं. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांमधे धरलेला, म्हणून नेतो म्हटलं की वनखात्याचा परवाना. मेंढा लेखा गावाला भांडून २०११ मधे स्वतःची वाहतूक परवान्याची पुस्तकं मिळाली, आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघायला २०१७ उजाडलं. तिकडं झाड म्हणून हलवू देईनात, इकडं गवत म्हणून हलवू देईनात, बांबूनं जावं कुठं?

सुटलं ते यार्डातल्याच दुसऱ्या एका माणसामुळे. तिसऱ्या फेरीला तो हळूच म्हणाला, चार चार फुटांचे तुकडे कर, सुतळीनं मोळ्या बांध, फांद्या उचलायच्या दिवशी कर्बला, म्हणजे रस्त्याच्या कडेला, ठेव आणि कुणालाही फोन करू नको. ठेवल्या. ट्रकवाल्यानं बघितलंही नाही, चाळीस मोळ्या पाच मिनिटांत गायब. नंतर केस बंद झाल्याचं पत्र आलं, त्यात प्रकार लिहिला होता: झाडं. फ्रिजवर लावलंय.

मुळ्यांचं राहिलं. त्या कर्बला ठेवू नका न कंपोस्टमधे तर अजिबात नको, डोळा असलेला वीतभर तुकडा ओल्या मातीत परत फुटतो. ताडपत्रीवर उन्हात वाळवा, कडकन मोडायला लागल्या की मगच कचऱ्यात. आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, कुदळ मारायच्या आधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या लाइन कुठं आहेत ते दाखवणारा हा नंबर. फुकट असतो, इथं किमान तीन कामाचे दिवस आधी करावा लागतो, येऊन रंग मारून जातात, पिवळा गॅस, लाल वीज, निळा पाणी. पण घरातली स्प्रिंकलरची लाइन ते दाखवत नाहीत, ती मी फोडली.

एकदा कापून संपत नाही हेही धरून चाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा कोंब येतात, पानं फुटायच्या आत मोडत राहायचं, मुळीला अन्न मिळालं नाही की दोन-तीन वर्षांत थकते. आजोबांच्या बाजूनं मी तीस इंच खोल जाड एचडीपीई प्लास्टिकचं बॅरियर टाकलं, दोन इंच कड मातीच्या वर ठेवली म्हणजे मुळी उडी मारताना दिसते. औषध मारलं नसेल तर कोवळे कोंब खा. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, अरे हे तर वास्ते, चिरून उकळ, ते पाणी फेक न मग भाजी कर. केली, बरी झाली, गावची चव नाही.

रिकाम्या जागेत आता लिटल ब्लूस्टेम न स्विचग्रास लावलंय, दोन्ही इकडचीच गवतं, जागच्या जागी राहतात. जुन्या मालकाचं मिस्कँथस हे शोभेचं गवत अजून एका कोपऱ्यात आहे, तेही इथं बी उडवून पसरतं, त्यामुळं तुरे बी धरायच्या आत कापतो, पुढच्या वर्षी काढणार. बाकीची हिवाळाभर तशीच ठेवायची, मार्चमधे आधी दोरीनं पेंढीसारखी आवळायची, मग बुडापासून पाच-सहा इंचावर कापायची, कचरा सांडत नाही. मधला भाग मेलेला दिसला तर वसंतात उपटून तुकडे करून लावा. मिस्कँथसला हातमोजे घालाच, पातं ब्लेडसारखं लागतं, माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

या गवताच्या मोळ्यांच्या वेळी फोन केला नाही. सरळ कर्बला ठेवल्या.