त्राकायचा किल्ला खालून वर बघावा

लिथुआनियाची राजधानी विल्नियसपासून त्राकाय जेमतेम २८ किलोमीटर, पण गाडीतून उतरलं की किल्ला समोर दिसेल ही आशा सोडा. स्टेशन गावाच्या दक्षिणेला, किल्ला उत्तरेला गाल्वे सरोवरात. गाव म्हणजे तळ्यांच्या मधली लांबट चिंचोळी पट्टी. सरळ रस्त्याने अर्धा-पाऊण तास चालायचं, वाटेत मुक्कामाला पोचायची घाई करायची नाही. खरं गाव त्या रस्त्यावरच आहे.

मग दोन लाकडी पूल, मधे एक छोटं बेट. दुसऱ्या पुलावर गर्दी तुंबते, कारण प्रत्येकाला लाल किल्ला आणि निळं पाणी एकाच फोटोत हवं असतं. माझी तक्रार गर्दीबद्दल नाही. फोटो काढून लोक आत जातात, काचेच्या कपाटांतल्या तंबाखूच्या नळ्या बघतात आणि 'काय तो मध्ययुगीन किल्ला!' म्हणत परततात. भिंतीकडे कुणी बघतच नाही.

भिंत खालून वर वाचायची. पायाशी ओबडधोबड गोटे आहेत, शेतात सापडतात तसले गोल दगड, मधे चुना. तिथे १४व्या-१५व्या शतकाच्या सर्वांत जवळ जाता येतं. नजर वर न्याल तशा विटा एकसारख्या, कडा धारदार, रंग एकजीव होत जातो. वरचं बहुतेक सगळं १९५० च्या दशकातलं. सुमारे ३५ मीटर उंच मुख्य बुरूजही आज दिसतो तसा त्याच कामातून उभा राहिला.

बांधकाम त्राकायचा सरदार-राजा केस्तुतिस याच्या काळात सुरू झालं आणि त्याचा मुलगा, लिथुआनियाचा राज्यकर्ता विताउतास याने ते १४०९ च्या सुमारास पुरं केलं. शत्रू म्हणजे ट्युटॉनिक सरदार, जर्मन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा संघ. आपल्या डोळ्यांपुढे जलदुर्ग म्हणजे जंजिरा; तिथे बारा महिने समुद्र राखण करतो. इथे हिवाळ्यात तळं गोठतं. ज्या पाण्याच्या भरवशावर किल्ला बांधला, त्यावरून माणूस चालत येऊ शकतो. त्यात या सरदारांच्या स्वाऱ्या मुद्दाम हिवाळ्यात निघत, कारण दलदलीही गोठून रस्ते होत. म्हणून बेटावर असूनही तटबंदी इतकी जाड. काही ठिकाणी अडीच मीटर.

आणि गंमत बघा. किल्ला पुरा झाला आणि पुढच्याच वर्षी, १४१० मध्ये, ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलिश-लिथुआनियन फौजेने याच ट्युटॉनिकांचं कंबरडं मोडलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या शत्रूचा पूर्वीचा धाकच उरला नाही. मग किल्ल्याचा राजवाडा झाला. १४३० मध्ये विताउतासच्या राज्याभिषेकाची तयारी झाली होती, पण मुकुट घेऊन येणाऱ्यांना पोलंडच्या बाजूने वाटेतच अडवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो इथेच, मुकुटाविना वारला. पुढे तुरुंग, आणि १६५५ मध्ये मॉस्कोच्या फौजांनी केलेली पडझड. त्यानंतर जवळपास अडीचशे वर्षं नुसते अवशेष.

डागडुजी २०व्या शतकाच्या सुरुवातीला हळूहळू सुरू झाली, मोठं काम मात्र सोव्हिएत अमलाखाली झालं. सरंजामी राजांचे वाडे कशाला उभारता, अशी ख्रुश्चेव्हच्या मॉस्कोची कुरकुर होती. तरी लिथुआनियन माणसांनी ते तडीस नेलं आणि १९६२ मध्ये आत संग्रहालय उघडलं. अवशेषांना हात लावू नये असं मानणारा मी, इथे थोडा नरमतो. तरीही जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, हे प्रवेशद्वाराशीच ठळक लिहायला हवं. आत जिने अरुंद आहेत, चढणारे-उतरणारे एकाच वाटेने. सकाळी दार उघडताच गेलात तर बरं.

परतताना कराइमांच्या रस्त्याने या. हे तुर्की वळणाची भाषा बोलणारे आणि तनाख, म्हणजे ज्यूंचं हिब्रू बायबल, हाच धर्मग्रंथ मानणारे लोक विताउतासने १३९७-९८ च्या सुमारास क्रिमियातून आणून वसवले. १४४१ मध्ये त्यांना स्वतःचा कारभार बघायची सनदही मिळाली. त्यांची लाकडी घरं रस्त्याकडे आडवी नसतात, तिकोनी बाजू रस्त्याकडे आणि तीत तीन खिडक्या: एक देवाची, एक पाहुण्याची, एक विताउतासची, असं गावात सांगतात.

त्यांचा किबिनास म्हणजे आपली मुरडीची करंजी, फक्त तिखटामिठाच्या घराण्यातली आणि भट्टीत भाजलेली. सारण मेंढीच्या मटणाचं, कांदा आणि मिरपूड घातलेलं, कच्चंच भरतात. मटण सुरीने बारीक चिरायचं. यंत्रातला खिमा आतल्या आत घट्ट गोळा होतो आणि रस धरत नाही. मुरड दोरीसारखी घट्ट हवी, सैल राहिली तर भट्टीतच उघडते आणि रस पत्र्यावर जळतो. वर वाफेसाठी भोक ठेवतात. खाताना मधोमध चावू नका, कढत रस थेट मनगटावर येतो. टोकाशी लहान घास घ्यायचा, वाफ जाऊ द्यायची, रस आधी शोषून घ्यायचा. आणि पुलाजवळच्या टपरीवर सकाळपासून मांडून ठेवलेला घेऊ नका. मेंढीची चरबी थंड झाली की टाळ्याला चिकटते, मग वर कितीही गरम सूप प्या.