तुटलेली व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि तिच्या निमित्ताने

गेल्या हिवाळ्यात कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर दिवसभर पळवून आणलेल्या माझ्या सिंगल सिलिंडर मोटरसायकलच्या हेडमधून, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागातून, एक कोरडी टिकटिक ऐकू येऊ लागली. टॅपेट कव्हर उघडले, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरच्या (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेवरच्या) दोन स्प्रिंगांपैकी बाहेरची मधोमध तुटलेली होती. आतली शाबूत राहिली म्हणूनच व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडला नाही आणि पिस्टन बचावला.

तुटलेला तुकडा रॉकेलने धुऊन भिंगाखाली धरला. तार तिरकी तुटली होती आणि तुटलेल्या तोंडावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या बारीक अर्धगोल रेषा दिसत होत्या. एका झटक्यात तुटलेल्या तारेवर अशा रेषा उमटत नाहीत. धातू थकून तडा हळूहळू पुढे सरकत गेल्याची ती खूण असते. तो बिंदू वेटोळ्याच्या आतल्या अंगाला होता, आणि नेमक्या त्याच जागी आतल्या स्प्रिंगच्या टोकाची धारदार कड घासून एक चरा पडला होता. स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तारेवर सर्वाधिक ताण आतल्या अंगालाच येतो, त्यामुळे तिथला नखाएवढाही ओरखडा पुरेसा ठरतो. ती कड बसवण्यापूर्वी ऑइल स्टोनवर (धार लावायच्या बारीक दगडावर) मारून गोल करायला हवी होती. या स्प्रिंगा मी स्वतः बसवल्या होत्या आणि ते काम माझ्याकडून राहून गेले होते.

इंजिन दर मिनिटाला १०,००० फेरे घेत असताना व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट (उंचवटे, म्हणजे कॅम, असलेला दांडा) त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ५,००० फेऱ्यांनी फिरतो. याचा अर्थ प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ८३ वेळा उघडतो आणि मिटतो. त्याला कॅमच्या आकाराबरहुकूम परत आणण्याचे काम स्प्रिंगचे असते. फेरे वाढले की व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि कॉलेट (ती टोपी व्हॉल्व्हला अडकवणारे छोटे तुकडे) यांच्या जडत्वाचा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून २० टक्के जास्त फेऱ्यांना ४४ टक्के जास्त जोर लागतो. स्प्रिंग तेवढी पुरी पडली नाही तर फॉलोअर (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) कॅमवरून सुटतो, व्हॉल्व्ह सीटवर (मिटताना तो टेकतो त्या कड्यावर) आपटून उसळतो आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत सापडू शकतो. त्यात स्प्रिंगला स्वतःचेही कंपन असते. विशिष्ट फेऱ्यांवर ते कॅमच्या ठोक्यांशी जुळले की वेटोळ्यांमधून लाटा धावतात आणि हाताने तपासताना ठणठणीत वाटणारी स्प्रिंग ऐन वेळी व्हॉल्व्हला आवर घालू शकत नाही. दोन स्प्रिंगा एकमेकींना घासतील अशा बसवतात त्या या लाटा शमवण्यासाठी. मात्र त्या घासण्यातूनच माझ्याकडचा चरा पडला, हेही तितकेच खरे.

यावर अनेकांचा पहिला उपाय म्हणजे आणखी कडक स्प्रिंग बसवणे. मला तो चुकीचा वाटतो. कडक स्प्रिंगमुळे कॅमच्या शिखरावरचा दाब वाढतो, कॅम आणि फॉलोअर झिजतात, तेल तापते. त्यापेक्षा हलणारे वजन कमी करावे. हलका रिटेनर किंवा टायटॅनियमचा व्हॉल्व्ह यांनी वाचवलेले काही ग्रॅम प्रत्येक फेऱ्यात कामी येतात. इटलीत डुकाटीच्या फाबिओ टॅलिओनी यांनी १९५६ साली १२५ सीसीच्या रेसिंग मोटरसायकलवर व्हॉल्व्ह मिटवण्याचे कामच दुसऱ्या कॅमकडे सोपवले, तर रेनोने १९८६ च्या फॉर्म्युला वन इंजिनात तारेच्या स्प्रिंगऐवजी दाबाखालचा वायू वापरला. दोन्ही वाटा तारेच्या याच मर्यादेतून निघाल्या.

रेव्ह लिमिटरवर, म्हणजे इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, विसंबणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. तो ठिणगी किंवा इंधन तोडतो, पण वळणाआधी घाईत एक गिअर जास्त पाडला की मागचे चाकच इंजिनाला ओढून मर्यादेपलीकडे नेते आणि तिथे लिमिटर काहीही करू शकत नाही. असे एकदा जरी घडले तरी, आवाज आला नाही तरी, मी आता कव्हर उघडतोच.

टॅपेटच्या फटीच्या (व्हॉल्व्ह मिटलेला असताना त्याला ढकलणाऱ्या भागाशी राहणाऱ्या बारीक अंतराच्या) बाबतीतही आवाजावर भरवसा ठेवता येत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो तशी फट कमी होते आणि इंजिन उलट अधिक शांत होते. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमार्गे हेडमध्ये जाते. फट संपून व्हॉल्व्ह पूर्ण टेकेनासा झाला की ती वाट बंद होते आणि त्याची कड जळते. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) ती मोजायची आणि मागच्या आकड्याशी ताडून पाहायचे.

या वेळी हेड जोडताना पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात किती जागा उरते हे पाहण्यासाठी पिस्टनवर मळलेली माती लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवले आणि दबलेल्या मातीची जाडी मोजली. इनटेकला (हवा-इंधन आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा कमी जागा मी ठेवत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकायला किमान १ मिमी शिल्लक आहे हेही पाहिले. चारही टोकांच्या कडा ऑइल स्टोनवर मारल्या, बोट फिरवून तपासल्या आणि प्रत्येक स्प्रिंगचा बसवलेल्या उंचीवरचा दाब वहीत तारखेसह लिहून ठेवला आहे. पुढच्या वेळी हेड उघडले की तोच दाब पुन्हा मोजणार आहे.