अडकलेला राउटर जोर न लावता सोडवताना

लाकडात खाचा पाडणे, फळीच्या कडेला गोलाई देणे, बिजागरीसाठी नेमक्या खोलीची जागा कोरणे ही कामे ज्या वीजयंत्राने होतात, त्या राउटरविषयी आज लिहितो आहे. परदेशात मी ज्या सामायिक कार्यशाळेत लाकूडकाम करतो, तिथली यंत्रे अनेकांच्या हातांखालून जातात, वरचेवर अडकतात, आणि ती सोडवण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. राउटर अडकतो तो भुसा, लाकडातली राळ आणि उष्णता यांमुळे. पण तो कायमचा निकामी होतो तो सोडवणाऱ्याने लावलेल्या जोरामुळे. तिकडे मायदेशी ज्यांनी स्वतःचा राउटर घेतला आहे, त्यांच्यासाठी हे थोडे सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण पाते हातात धरून काम करायचे आहे. मग यंत्र आडवे ठेवून स्पिंडल, म्हणजे ज्या दांड्याच्या टोकाला पाते बसते तो दांडा, हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरत असेल आणि तरीही पाते निघत नसेल, तर दोष पाते पकडणाऱ्या कॉलेटमध्ये आहे. तो खरखरत किंवा अडखळत फिरत असेल, तर बेअरिंगकडे, म्हणजे स्पिंडल ज्यात फिरतो त्या पोलादी गोळ्यांच्या कड्याकडे, पाहावे लागेल. स्पिंडल ठीक आहे, पण यंत्र खाली दाबले जात नाही किंवा दाबल्यावर वर येत नाही, असे असेल तर यंत्र ज्या दोन उभ्या दांड्यांवर खाली-वर सरकते त्यांमध्ये कचरा साचलेला असतो. अडकणे कोणत्या जागेचे आहे हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

सर्वाधिक तक्रारी कॉलेटच्या असतात. कॉलेट म्हणजे उभ्या चिरा असलेली पोलादी नळी. तिचा बाहेरचा भाग निमुळता असतो आणि स्पिंडलच्या तोंडाशी तसाच निमुळता खळगा असतो. नट आवळला की कॉलेट त्या खळग्यात ओढली जाते, चिरा मिटतात आणि पात्याचा दांडा घट्ट पकडला जातो. पुष्कळ राउटरमध्ये हा नट दोन टप्प्यांत सुटतो. पहिल्या झटक्याला तो सैल होतो आणि थोडा वेळ बोटांनीही फिरतो, पण पाते मात्र जागचे हलत नाही. फिरवत राहिल्यास नट पुन्हा घट्ट लागतो, आणि नेमके इथेच लोक घाबरून थांबतात किंवा हातोडी उचलतात. वास्तविक हा दुसरा अडथळा मुद्दाम ठेवलेला असतो: आता नटाच्या आतली कड कॉलेटला खळग्यातून बाहेर ओढू लागते. पान्याने आणखी एकदा जोर दिला की कॉलेट सुटते आणि पाते हातात येते. माझ्याकडे ‘अडकला’ म्हणून आलेले कितीतरी राउटर एवढ्यानेच मोकळे झाले आहेत.

स्पिंडल धरून ठेवणारे बटण असलेल्या यंत्रांत मात्र सांभाळावे. त्या बटणामागे एक लहान खीळ असते आणि हट्टी नटावर मारलेले झटके तिला वाकवतात. स्पिंडलवर दुसरा पाना बसण्यासाठी सपाट बाजू दिलेली असेल तर तीच वापरावी. दोन पाने एका मुठीत मावतील असे जवळ धरले की हातही घसरत नाही.

दुसरा टप्पा पार करूनही पाते निघत नसेल, तर गंज, वितळून घट्ट झालेली राळ किंवा पात्याच्या दांड्यावर उठलेले ओरखडे हे कारण असते. अशा वेळी सांध्यावर भेदक तेलाचे, म्हणजे फटीत झिरपून गंज सैल करणाऱ्या पातळ तेलाचे, थेंब सोडून यंत्र रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी नट सैल पण आट्यांवर असतानाच त्याच्या बाजूंवर लाकडी हातोडीने सगळीकडून हलके ठोके द्यावेत. पोलादी हातोडीचा घाव बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत पोचतो आणि त्यांच्या मार्गात सूक्ष्म खड्डे पाडतो, म्हणून ती टाळावी. सुटल्यावर तेलाचा प्रत्येक अंश द्रावकाने पुसून काढणे अत्यावश्यक आहे. कॉलेटची पकड केवळ घर्षणावर असते आणि तेलकट कॉलेटमधून पाते चालू यंत्रात खाली सरकते.

कॉलेट पितळी ब्रशने आतून-बाहेरून घासावी. सँडपेपर किंवा कानस तिला लावू नये, कारण तिच्या मापात केसभर फरक पडला तरी पकड बिघडते. पात्याच्या दांड्यावर नखाला लागतील असे चरे असतील, तर ते पाते बाजूला ठेवावे. ते चांगल्या कॉलेटलाही खराब करते.

परदेशात राहताना एक अडचण विशेष जाणवते, कारण लोक वेगवेगळ्या देशांतून अवजारे घेऊन येतात. युरोपात पात्याचा ८ मिलिमीटरचा दांडा सर्रास चालतो, तर अमेरिकेत पाव इंच आणि अर्धा इंच ही मापे रूढ आहेत. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. ६ मिलिमीटरचे पाते पाव इंची कॉलेटमध्ये जाते, नट जोर लावून आवळताही येतो, पण कॉलेट प्रमाणाबाहेर मिटते, पकड काठापुरती उरते आणि पाते सरकते किंवा तापून चिकटते. हीच गत १२ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटरच्या अर्ध्या इंचाची. याच कारणाने रिकामी कॉलेट कधीही आवळून ठेवू नये. विजेच्या दाबाचेही भान हवे: या यंत्रांच्या मोटरला ५० की ६० हर्ट्झ याने फारसा फरक पडत नाही, पण १२० व्होल्टचा राउटर २३० व्होल्टवर लावला तर तो जळतो.

पाते बसवताना ते तळाला टेकवून दोन-तीन मिलिमीटर वर उचलावे. आवळताना कॉलेट पात्याला थोडी खाली ओढते; खाली जागाच नसेल तर पकड अर्धवट राहते आणि सांधा आवळून बसतो. दांडा जिथे पात्याला मिळतो तिथली गोलाईदेखील कॉलेटमध्ये जाऊ देऊ नये.

आता दाबून खोली ठरवायच्या राउटरचे दोन उभे दांडे. त्यांवर घट्ट ग्रीस लावण्याचा मोह अनेकांना होतो, पण ग्रीसमध्ये भुसा कालवला जातो आणि काही दिवसांत त्याची खळ होते. दांडे द्रावकाने पुसावेत आणि कोरडे वंगण किंवा मेणाचा पातळ थर द्यावा. दांडे सोडवावे लागले तर आतल्या दाबलेल्या स्प्रिंगवर हात ठेवूनच सोडवावेत. एका मुठीवर जास्त भार पडला तरी काही यंत्रे तिरकी होऊन अडकतात. त्यात बिघाड नसतो, दोन्ही मुठींवर सारखा दाब दिला की ती खाली जातात.

बेअरिंगमध्ये पात्याकडचे आधी जाते, कारण बाजूचा सारा भार त्यावर येतो. स्पिंडल आडवा हलवून ढिलाई लागली किंवा फिरवताना वाळू असल्यासारखे वाटले, तर ते बदलावे. त्यात वरून तेल फवारणे हा उपाय नव्हे. त्याने आतले वंगण धुऊन जाते. बेअरिंगच्या अंगावर क्रमांक कोरलेला असतो आणि त्यावरून माप कळते. उदाहरणार्थ, ६०८ म्हणजे आतून ८, बाहेरून २२ आणि रुंदी ७ मिलिमीटर. भुशात काम असल्याने दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलेच घ्यावे आणि स्पिंडलवर चढवताना दाब फक्त आतल्या कड्यावर द्यावा.

मोटर मधूनच थांबत असेल किंवा ठिणग्या वाढल्या असतील, तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा, झिजला आहे किंवा भुशामुळे त्याच्या घरात रुतला आहे. ब्रश नेहमी जोडीने बदलावेत.

भुसा हवेच्या झोताने उडवताना मुखपट्टी आणि चष्मा हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात नोंदवली आहे. झोत बेअरिंगवर रोखून ते गरगर फिरवू नये.

जोडणी झाल्यावर नट आणि कॉलेट काढून यंत्र सर्वांत कमी वेगावर थोडा वेळ चालवावे आणि आवाज ऐकावा. तो एकसारखा असेल तर प्लग काढून पाते बसवावे, कॉलेटच्या कडेशी दांड्यावर पेनाने एक रेघ ओढावी, आणि टाकाऊ तुकड्यात उथळ खाच पाडून पाहावी. प्लग पुन्हा काढून रेघ तपासावी. ती कडेपासून सरकलेली दिसली, तर कॉलेट नवी घ्यायची वेळ झाली आहे.