डॉटचं वर्तुळाकार ध्रुवण शून्य दिसतंय? स्पिनला दोष देण्याआधी

गॅलियम आर्सेनाइडमध्ये बसवलेल्या इंडियम आर्सेनाइडच्या क्वांटम डॉटवर (नॅनोमीटर आकाराच्या अर्धवाहक कणावर) वर्तुळाकार ध्रुवित लेझर टाकला, बाहेरच्या उजेडात मात्र तसं ध्रुवण जवळजवळ नाहीच. मग वहीत लिहिलं जातं: इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याची अंगभूत चुंबकीय दिशा) टिकला नाही. पुण्यात या कामाला नव्याने लागलेल्यांना कळकळीने सांगणं आहे, की इतक्या लवकर तसं लिहू नका.

आधी लेझर बघा. हीलियम-निऑन बहुतेक लॅबमध्ये आयता मिळतो, पण इथे तो उपयोगाचा नाही. त्याचा फोटॉन १.९६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. थंड गॅलियम आर्सेनाइडचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन उचलायला लागणारी किमान ऊर्जा) १.५२, त्यात स्प्लिट-ऑफ या खालच्या तिसऱ्या बँडचे ०.३४ मिळवले की १.८६. त्याच्या वर गेलात की तिन्ही बँडमधून इलेक्ट्रॉन उचलले जातात आणि उलटसुलट स्पिन एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. ७८० नॅनोमीटरचा डायोड घ्या. मग वरच्या दोनच बँडमधून, म्हणजे हेवी आणि लाइट होलमधून (होल म्हणजे इलेक्ट्रॉन उचलल्यावर मागे उरलेली रिकामी जागा), ३:१ प्रमाणात इलेक्ट्रॉन मिळतात, म्हणजे इलेक्ट्रॉनचं ध्रुवण जास्तीत जास्त ५० टक्के. पावसाळ्यात डायोड १८ अंशांवर ठेवू नका. पुण्याच्या जुलैतल्या हवेत एसी बंद झाला की त्यावर दव धरतं, २५ ठेवा.

मग ऑप्टिक्स. वर्तुळाकार ध्रुवणाचं रेषीय करणारी क्वार्टर-वेव्ह प्लेट पहिल्या आरशाच्या आधी, उजेड समांतर करणाऱ्या लेन्सला लागूनच हवी. ४५ अंशांतल्या आरशावरून गेलेलं वर्तुळाकार ध्रुवण लंबवर्तुळाकार होतं आणि पुढे कुठलीच प्लेट ते इमानाने मोजत नाही. प्लेटमागचा पोलरायझर हलवायचा नाही, कारण स्पेक्ट्रोमीटरमधल्या ग्रेटिंगची कार्यक्षमता ध्रुवणाच्या दिशेनुसार बदलते. फिरवायची ती फक्त प्लेट, अधिक ४५ वरून उणे ४५ वर.

आता नमुन्याच्या जागेवरून रेषीय ध्रुवित हॅलोजनचा उजेड पाठवा. वर्तुळाकार घटक शून्य आला पाहिजे. तीन-चार टक्के दिसले तर प्लेटचा कोन आणि नमुना थंड ठेवणाऱ्या क्रायोस्टॅटची खिडकी तपासा. एका बाजूचे स्क्रू जास्त आवळले की काचेत ताण येतो आणि ती स्वतःच वेव्ह प्लेटसारखी वागते. शेवटी लेझरचं ध्रुवण उलटवा. डॉटचं चिन्ह पलटलं पाहिजे. जे पलटत नाही ते उपकरणाचं.

एवढं करूनही शून्यच? मग वर्णपटातली ती लाइन बहुधा न्यूट्रल एक्सिटॉनची (एक इलेक्ट्रॉन आणि एक होल यांच्या जोडीची) आहे. डॉट पूर्ण गोल नसतो, त्यामुळे एक्सिटॉनच्या दोन उजळ अवस्थांमध्ये, समजा, ४० मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचं अंतर पडतं. मग स्पिन दर ०.१ नॅनोसेकंदाला एक फेरा मारतो. आयुष्य सुमारे १ नॅनोसेकंद, म्हणजे उजेड बाहेर पडेपर्यंत दहा फेरे आणि सरासरी शून्य. स्पिन शाबूत आहे, नुसता फिरतोय. खात्री करायला समोर हाफ-वेव्ह प्लेट लावून फिरवा: लाइनचं केंद्र त्या अंतराइतकंच पुढेमागे सरकतं. टोकाच्या दिशा बहुधा वेफरच्या तुटलेल्या कडांना समांतर निघतात.

स्पिनचं खरं आयुष्य हवं असेल तर पॉझिटिव्ह ट्रायॉनची (दोन होल आणि एक इलेक्ट्रॉन) लाइन शोधा. दोन्ही होल जोडीत अडकलेले, ते अंतर नाहीसं, ध्रुवण एकट्या इलेक्ट्रॉनचं. आडवं चुंबकीय क्षेत्र वाढवत न्या, इलेक्ट्रॉनचा जी-फॅक्टर (क्षेत्रात स्पिन किती वेगाने फिरतो ते ठरवणारा आकडा) ०.५ आणि स्पिनचं आयुष्य १ नॅनोसेकंद असेल तर ध्रुवण २३ मिलिटेस्लाला निम्मं होतं. मात्र लेझरचं ध्रुवण ५० किलोहर्ट्झच्या मॉड्युलेटरने उलटसुलट करत राहा, नाहीतर डॉटमधली अणुकेंद्रं ध्रुवित होऊन स्वतःचं क्षेत्र त्यात मिसळतात.