जाळीतल्या मातेचं पाणी

फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या जोसलँ गावाला आलेला माणूस आधी किल्ला बघतो. ऊस्त नदीच्या काठावरून सरळ वर उठलेले तीन गोल बुरूज समोर असताना नजर दुसरीकडे जाईल कशी? मग लाकडी चौकटीची जुनी घरं, मग चर्च, मग एखादं गालेत (तिथलं धिरडं) आणि वाटीभर सिडर (सफरचंदाची हलकी दारू). तेवढ्यात परतीच्या बसची वेळ होते. ज्या जागेशी इथल्या देवीची गोष्ट जोडलेली आहे, तो झरा राहूनच जातो.

गोष्ट अशी सांगतात. साल ८०८. एक शेतकरी विळ्याने काटेरी जाळी तोडत होता. ऐन थंडीतही त्या जाळीची पानं हिरवीगार कशी, याचं त्याला नवल वाटायचं. आत हात घातला तर लाकडाची मेरीमातेची मूर्ती निघाली. ती त्याने घरी नेली... आणि पुढचं वाक्य मराठी वाचकाला सांगायला नको. सकाळी मूर्ती पुन्हा जाळीत! शेवटी तिथेच देऊळ झालं, आणि शेतकऱ्याच्या आंधळ्या लेकीला दिसू लागलं. फ्रेंचमध्ये ‘रॉन्स’ म्हणजे ब्लॅकबेरीचं काटेरी झुडूप आणि ‘रॉन्सिए’ म्हणजे त्याची जाळी. नोत्र-दाम द्यु रॉन्सिए, म्हणजे जाळीतली माता. करवंदं काढताना ज्याने हात ओरबाडून घेतलेत, त्याला हे नाव लगेच कळेल.

मूळ मूर्ती आता नाही. १७९३ साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, ती जाळली गेली. वाचलेले तुकडे चर्चमध्ये जपून ठेवले आहेत. झरा मात्र आहे. त्यावरचं आजचं दगडी बांधकाम १६७५ सालचं.

ब्रिटनीतला असा झरा बघायचा कसा, हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर दोन मिनिटांत फोटो काढून माणूस माघारी फिरतो. साधारण रचना ठरलेली असते. वर कोनाडा, त्यात संत किंवा माता. खाली कुंड, आणि जागा उतारावर असेल तर उतरायला दोन-चार पायऱ्या. कुंडाच्या कडेला एक खाच दिसते, तिच्यातून जास्तीचं पाणी बाहेर पडतं आणि बऱ्याच ठिकाणी पुढे धुण्याच्या हौदात जातं. त्या हौदाला ‘लाव्वार’ म्हणतात. गोमुखासारखी धार शोधू नका. पाणी बहुधा तळातून नाहीतर दगडांच्या सांध्यातून गुपचूप येतं. झरा जिवंत आहे का, हे पाहायला वाळकं पान पाण्यावर सोडावं. ते हळूहळू खाचेकडे सरकलं तर प्रवाह आहे. वारा असेल तर ही परीक्षा फसते, तेव्हा हाताचा आडोसा धरावा.

अशा झऱ्यांची ब्रिटनीत एवढी गर्दी का, याचं उत्तर पायाखाली आहे. इथला खडक ग्रॅनाइट आणि शिस्ट. तो स्वतः पाणी फारसं साठवत नाही. ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांमध्ये राहतं, आणि उतार आला की बाहेर पडतं. म्हणून मोठे साठे कमी आणि लहान झरे भरपूर. या उथळपणाचे दोन परिणाम होतात. एक, उन्हाळा सरता सरता पाणी उतरतं. गंमत अशी, की जोसलँची मोठी यात्रा (तिला ‘पार्दाँ’ म्हणतात) नेमकी ८ सप्टेंबरला असते. दोन, वरच्या शेतात जे पडतं ते खाली येतं. ब्रिटनीत डुकरं पाळण्याचा धंदा मोठा, त्यामुळे शेणखताचा नायट्रेट पाण्यात उतरण्याची तक्रार जुनी आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम. उकळून तो जात नाही, उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. तेव्हा ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी दिसली की समजावं, पाणी पिण्याजोगं नाही. डोळ्यांना लावायचा मोहही टाळलेला बरा, गोष्ट आंधळ्या लेकीची असली तरी.

जोसलँच्या पाण्याची दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त खरी वाटते, कारण ती पाणवठ्यावरच्या भांडणाची आहे. बायका धुणं धूत होत्या. एक भिकारीण आली आणि तिने घोटभर पाणी मागितलं. बायकांनी तिच्यावर कुत्री सोडली. ती होती साक्षात मेरीमाता. तिने शाप दिला, की तुम्ही आणि तुमच्या लेकी कुत्र्यासारख्या भुंकाल. एकोणिसाव्या शतकातही झटके येणाऱ्या, भुंकल्यासारखा आवाज काढणाऱ्या बायकांना धरून चर्चमध्ये आणत आणि त्या मूर्तीच्या अवशेषांचं चुंबन घ्यायला लावत. आज आपण त्याला आजार म्हणू. आधी पिणारा, मग जनावर, मग धुणं, हा पाणवठ्याचा क्रम आहे, आणि तो मोडणाऱ्या बायकांना गावाने गोष्टीतून चांगलंच धारेवर धरलं.

ब्रिटनीत आणखीही रीती होत्या. आजारी बाळाचं झबलं पाण्यावर सोडायचं. तरंगलं तर बाळ जगणार, बुडालं तर आशा सोडायची. तरंगणं-बुडणं कापडावरही असतं, हे त्या आईला कोणी सांगितलं असेल का, कोण जाणे.

आता लोक नाणी टाकतात. ही सवय वाईट. तांब्याच्या नाण्यांनी दगडावर हिरवट डाग पडतात, आणि खाच तुंबली की कुंडात शेवाळ माजतं. मेणबत्त्यांचं तेच. ग्रॅनाइटच्या खरबरीत दाण्यांत मेण घुसतं आणि मग काढता निघत नाही. जोराच्या फवाऱ्याने दगड धुणं त्याहून वाईट, सांध्यातला चुना निघून जातो आणि पाणी भलतीकडूनच वाट काढतं.

जोसलँला रेल्वे नाही. रेन शहराहून सुमारे ८० किलोमीटर, रस्त्यानेच यावं लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आलात तर कालव्याच्या काठाने थोडं चाला. रॉन्स पिकलेली असते. फक्त गुडघ्याच्या वरची तोडावीत. खालच्या फळांपर्यंत फिरायला आणलेली कुत्री पोचलेली असतात.