थुंकीचा रिपोर्ट कुठे आहे?

छातीच्या एक्स-रेवरून टीबी ओळखणारं मॉडेल हा माझा एम.टेक.चा प्रकल्प. सुरुवात सोपी होती. चीनमधल्या शेनझेनचे ६६२ आणि अमेरिकेतल्या माँटगोमेरीचे १३८, असे ८०० एक्स-रे मोफत मिळतात. त्यांवर डेन्सनेट, म्हणजे चित्रं ओळखणारं एक न्यूरल नेटवर्क, शिकवलं, आकडे छान आले. सर म्हणाले, "आता आपल्या नागपूरचे एक्स-रे दाखव त्याला."

त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी हवी. अर्ज दोनदा परत आला. जुने एक्स-रे वापरायचे तर पेशंटच्या संमतीतून सूट का हवी, हे कारणांसह लिहावं लागतं. मी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्यांदा नावांचा प्रश्न. एक्स-रे ज्या डायकॉम फाइलमध्ये साठवतात, तिच्या हेडरमधून, म्हणजे माहितीच्या भागातून, नाव काढतो, असं मी सांगितलं. कमिटीतल्या मॅडमनी एक एक्स-रे उघडला. नाव आणि वय चित्राच्या कोपऱ्यातच उमटलेलं होतं. मग मे महिन्यात, बजाजनगरच्या खोलीत कूलरसमोर बसून, प्रत्येक चित्राचे कोपरे काळे केले आणि एकेक डोळ्यांनी तपासलं. ते काम मला आजही सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती माणसं आपल्याच गावची होती.

मॉडेल पुन्हा शिकवलं आणि निकाल इतका चांगला आला की शंका आली. ग्रॅड-कॅम लावून पाहिलं. मॉडेल कुठे बघून ठरवतं ते त्यात रंगाने कळतं. लाल डाग फुप्फुसावर नव्हता. खांद्याजवळच्या, डावी बाजू दाखवणाऱ्या 'एल' अक्षरावर होता. टीबीचे बहुतेक एक्स-रे वॉर्डातल्या पोर्टेबल मशीनवरचे, निरोगी लोकांचे ओपीडीतले. दोन्हीकडची अक्षरं वेगळी. मॉडेल आजार ओळखतच नव्हतं, मशीन ओळखत होतं. शिवाय एकाच पेशंटचे एक्स-रे शिकवणीतही होते आणि परीक्षेतही. मग पेशंटनिहाय वाटणी केली, यू-नेट नावाच्या, चित्रातला हवा तो भाग वेगळा करणाऱ्या मॉडेलने फुप्फुसं वेगळी काढली, आणि दोन्ही गट एकाच मशीनवरचे घेतले.

तरी खरी चूक रेडिओलॉजीच्या रेसिडेंट ताईंनी पकडली. एक चित्र बघून त्या म्हणाल्या, "हा तर जुना व्रण आहे. काहून टीबीत टाकला? थुंकीचा रिपोर्ट कुठे आहे?"

एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये 'कॉक्स' (डॉक्टरांच्या बोलीत टीबी) शब्द दिसला की मी टीबीचं लेबल लावत होतो. त्यात 'ओल्ड कॉक्स' म्हणजे बरे झालेलेही आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी एक्स-रेच्या संगणकी वाचनाला मान्यता दिली, तीही फक्त चाळणीसाठी, म्हणजे पुढे कोणाला तपासायचं ते ठरवण्यासाठी. फुप्फुसाच्या टीबीचं पक्कं निदान सहसा थुंकीच्या तपासणीतून होतं. हे मी वाचलेलं होतं, पण लेबल लावताना आठवलं नाही.

पुढचे तीन महिने सीबीनॅटच्या, म्हणजे थुंकीत टीबीचे जंतू शोधणाऱ्या चाचणीच्या, नोंदींशी जुळवणी चालली. नाव आणि कोड जोडणारी यादी हॉस्पिटलच्याच कपाटात राहिली, मला फक्त कोड मिळायचे. आता माझ्या एक्सेलमध्ये पहिला रकाना थुंकीच्या रिपोर्टचा आहे. ज्यांचा रकाना रिकामा होता, ते सगळे एक्स-रे मी काढून टाकले.